वरणगाव ते साक्री : वाऱ्याच्या वाटेने

वरणगाव हे भुसावळ तालुक्यातले नावाजलेले गाव. एका अंगाला भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला सुरत–धुळे–नागपूर हा महामार्ग, आणि उत्तरेला थोड्या अंतरावर तापी. गावाजवळ सैन्यासाठी काडतुसे करणारा सरकारी कारखाना आहे, त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे इथे नोकरीला आली आणि रमली. पण गावाचा खरा जीव शेतीत आहे. कपाशी, मका, हरभरा आणि जिथे पाणी पोचले तिथे केळी. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे इथून जवळच आहेत. पावसाळ्यात ते उघडले की तापीचा तो रुंद, गढूळ लोंढा पाहायला मुलाबाळांसह माणसे लोटतात.

या मुलखात वाऱ्याचे नाव कोणी प्रेमाने घेत नाही. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी आभाळ पिवळे पडते, धुळीचा लोट उठतो, आणि अर्ध्या तासात निसवलेली बाग जमिनीला टेकते. घड भरत आलेले असतात, खोडाला ते वजन पेलत नाही, आणि वर्षभर पोसलेले झाड मधोमध मोडते. अशा संध्याकाळी त्या घरात चूल पेटत नाही, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. आम्ही शेती खात्याची माणसे बांधाला शेवरी लावा, बांबूचे टेकू द्या, पट्ट्यांनी झाडे एकमेकांना बांधा, विमा वेळेवर भरा, असे सांगत आलो आहोत. तो सल्ला आजही खराच आहे.

पण वाऱ्याचे दुसरे रूपही याच खानदेशात आहे. वरणगावच्या फाट्यावरून महामार्गाने सरळ मावळतीकडे निघालात, तर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर साक्री तालुका लागतो. तिथे टेकड्यांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि ज्याला आपण शिव्या देतो त्या वाऱ्यापासून वीज काढली जाते. रस्ता एकच, जिल्हे दोन, आणि वाऱ्याचे गुण निराळे. या वाटेने एकदा डोळे उघडे ठेवून जावे, म्हणून हा लेख.

पहिला मुक्काम : दीपनगर

वरणगाव सोडून भुसावळकडे जाताना उंच धुराडी दिसू लागतात. हे दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. इथला पहिला संच १९६८ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे आणि मग ५०० मेगावॅटचे संच आले. या केंद्राने हजारो घरांत दिवा आणला आणि विहिरींवर मोटारी फिरवल्या. त्याचे उपकार नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याचा खर्चही समजून घ्यावा. एक युनिट वीज करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, आणि असा अख्खा डोंगर रोज रेल्वेने आणावा लागतो. मागे उरते ती राख. दुसरा खर्च पाण्याचा. वाफ करायला आणि ती पुन्हा थंड करायला दर युनिटमागे साडेतीन लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि दीपनगरला ते हतनूरमधून मिळते. म्हणजे ज्या धरणावर आपल्या केळीची नजर, त्याच धरणावर वीज केंद्राचीही नजर. शिवाय हतनूरमध्ये गाळ साचतो आहे, त्यामुळे पाण्याचे वाटेकरी वाढले तरी भांडे वाढत नाही.

वारा येथेही आहे, मग चक्की का नाही?

वरणगावचे तरुण शेतकरी नेहमी विचारतात, ‘साहेब, आमच्याकडे एवढा वारा, मग इथेच पवनचक्की का बसवत नाहीत?’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की पवनचक्कीला जोराच्या वाऱ्यापेक्षा नेमाचा वारा लागतो. केळी पाडणारा वारा अर्धा तास येतो आणि जातो. बाकी दिवस पान हलत नाही. पवनचक्कीचे पाते सेकंदाला तीन-चार मीटरचा वारा लागला की वीज देऊ लागते, आणि सेकंदाला २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वारा गेला की स्वतःला सांभाळण्यासाठी थांबते. म्हणजे ज्या वादळात आपली बाग पडते, त्या वादळात चक्की बहुधा हात बांधून उभी राहील!

दुसरी गोष्ट हिशोबाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला सहा मीटरचा वारा सात मीटर झाला, तरी शक्ती दीडपटीहून जास्त वाढते. म्हणून जागेत थोडा फरक पडला की उत्पन्नात मोठा फरक पडतो. काळ्या रानात आणि मुरमाड रानात कपाशीचा उतारा निराळा, तसेच हे. वरणगाव तापीच्या खोऱ्यात, सखल जागी आहे. जमिनीलगत झाडे, घरे, चढउतार वाऱ्याला अडवतात. उंच, उघड्या पठारावर तो मोकळा धावतो. म्हणून वाऱ्याची शेती करायची तर वाऱ्याचे रान शोधावे लागते.

धुळ्यापलीकडे

जळगाव, एरंडोल, पारोळा मागे टाकून धुळे आले की पांझरा नदी भेटते. इथून पुढे कुसुंबा, नेर करीत रस्ता साक्रीकडे चढू लागतो. केळी कधीच मागे राहिलेली असते. बाजरी, मका, कांदा, भुईमूग दिसू लागतात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. साक्रीहून नंदुरबारच्या रस्त्याला लागले की छडवेलच्या अंगाला टेकड्यांच्या माथ्यावर पांढरे खांब दिसतात. पुढे ब्राह्मणवेलच्या बाजूला तर जिकडे पाहावे तिकडे तेच. सन २००० नंतरच्या पहिल्या दशकात हा भाग पवनचक्क्यांनी भरून गेला.

लांबून खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारखी वाटणारी ही चक्की जवळ गेल्यावर छाती दडपून टाकते. खांब सत्तर-ऐंशी मीटर उंच, म्हणजे वीस-पंचवीस मजल्यांची इमारत. तीन पाती, त्यातले एकेक तीस-चाळीस मीटरचे. मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या, म्हणजे पाते तसे सावकाशच फिरते, पण टोकाशी त्याचा वेग फार असतो आणि ‘सप्प-सप्प’ असा आवाज कानी येतो. माथ्यावरच्या पेटीत वीज तयार होते, खांबातून खाली उतरते, आणि तारांनी उपकेंद्राकडे जाते. खाली बाजरीत निंदणी चालू असते. मेंढ्या चरत असतात. पायथ्याची जागा आणि रस्ता सोडला, तर बाकी रानात पीक घेता येते. सौर पत्र्यांखाली जशी सलग जमीन झाकली जाते तसे इथे होत नाही, हा या विजेचा मोठा गुण.

एका चक्कीचा हिशोब

आता वहीत मांडण्यासारखा हिशोब पाहू. दोन मेगावॅटची पवनचक्की वर्षभर अहोरात्र पूर्ण जोराने चालली, तर पावणेदोन कोटी युनिट देईल. तसे होत नाही, कारण वारा कधी असतो, कधी नसतो. चांगल्या जागी याच्या चौथा हिस्सा धरा. म्हणजे वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट.

पाच अश्वशक्तीची मोटार दिवसाला आठ तास चालली तर ३० युनिट खाते. वर्षातले २०० दिवस चालली तर ६ हजार युनिट. म्हणजे एका चक्कीची वीज अशा सातशेहून अधिक मोटारींना पुरेल इतकी झाली.

हीच वीज कोळशावर करायची, तर तीन हजार टन कोळसा लागेल. कोळशाची एक भरलेली मालगाडी साधारण ३,८०० ते ४,००० टनांची असते. म्हणजे एका चक्कीमागे वर्षाला पाऊण मालगाडी कोळसा वाचला. आणि पाणी? दीड कोटी लिटर. केळीला ठिबकने झाडामागे दिवसाला सरासरी १२ लिटर धरले, एकरी १,७४२ झाडे धरली आणि पावसाळा सोडून २५० दिवस पाणी दिले, तर एकराला ५२ लाख लिटर लागते. म्हणजे साक्रीच्या टेकडीवरची एक चक्की औष्णिक केंद्राचे जे पाणी वाचवते, त्यात तीन एकर केळी निघते. वरणगावच्या शेतकऱ्याचा साक्रीच्या वाऱ्याशी काय संबंध, या प्रश्नाचे हे उत्तर.

सूर्य झाकला की वारा जागा होतो

अलीकडे सौर पंप आणि सौर वाहिन्या आपल्या शिवारात आल्या आहेत. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पुढे तिचा दुसरा टप्पा आला, आणि दिवसा वीज मिळण्याची आशा वाढली. रात्रपाळीचे पाणी म्हणजे काय ते आपल्या भगिनींना विचारावे. घरधनी बॅटरी घेऊन केळीच्या बागेत शिरतो, बागेत साप, विंचू, कधी बिबट्या, आणि घरची बाई पहाटेपर्यंत दाराकडे कान लावून पडलेली. दिवसाची वीज ही चैन नाही, जिवाची गोष्ट आहे.

मग सूर्य असताना वारा कशाला? तर महाराष्ट्रात वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. वर्षभराच्या पवनविजेतला मोठा वाटा या चार महिन्यांतच पदरात पडतो. याच महिन्यांत आभाळ झाकलेले असते आणि सौर पत्रे सुस्तावतात. शिवाय सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही त्याच वेळी लागतात. वाऱ्याला मावळतीचे बंधन नाही. एक बैल थकला की दुसऱ्याने ओढावे, तशी ही जोडी आहे.

कोणी म्हणेल, पावसाळ्यात आमच्या मोटारी बंदच असतात, तेव्हाची वीज आम्हाला काय कामाची? यातही तथ्य आहे. पण पावसाळ्यात खाणींत पाणी भरते, कोळसा भिजतो आणि साठे उतरतात. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातल्या अनेक वीज केंद्रांजवळ काही दिवसांपुरताच कोळसा उरला होता, हे आठवत असेल. पावसाळ्यात वाऱ्याने जितकी वीज दिली, तितका कोळसा आणि तितके धरणाचे पाणी रब्बीसाठी मागे राहते. कणगीत दाणे साठवतो तसेच हे. आणि पावसाने ऑगस्टात तीन आठवडे दडी मारली, तर मोटार पावसाळ्यातही लावावी लागतेच.

थोडा इतिहास

पवनचक्की ही काही परवाची गोष्ट नाही. हॉलंडच्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी वाऱ्याच्या जोरावर शेतातले पाणी उपसून समुद्राकाठच्या जमिनी कोरड्या केल्या. डेन्मार्कमध्ये १८९१ साली पॉल ला कूर या शिक्षकाने खेड्यातल्या शाळेत वाऱ्यापासून वीज केली, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना त्या कामाचे शिक्षण दिले. आज तो देश आपल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून घेतो. आपल्या देशात १९८६ साली गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरीन आणि महाराष्ट्रात कोकण किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्यांचे पहिले मळे उभे राहिले. पुढे सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडेची पठारे आणि मग आपले साक्री.

मार्च २०२५ अखेर देशाची पवन वीज ५० हजार मेगावॅटवर पोचली. त्यात महाराष्ट्राचा वाटा पाच हजारांहून थोडा अधिक. गुजरात, तामिळनाडू आणि कर्नाटक आपल्या पुढे आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे १५० मीटर उंचीवर महाराष्ट्रात सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॅटची शक्यता आहे. सगळी हाती येणार नाही हे उघड आहे, पण आपण ताटातला पहिला घासही पुरता घेतलेला नाही.

तक्रारी खऱ्या आणि खोट्या

एक समज पुष्कळ ठिकाणी कानावर येतो, तो म्हणजे चक्क्या ढग पळवतात. २००३ च्या दुष्काळाच्या सुमारास सातारा-सांगलीकडे हे फार बोलले गेले. मन पोळलेले असले की माणूस कारण शोधतो, त्याला हसू नये. पण पात्याचे टोक सव्वाशे मीटरच्या आसपास पोचते, आणि पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत रचलेले असतात. मोसमी वारे हजारो किलोमीटरवरून येतात. त्यांना टेकडीवरची चक्की अडवणे म्हणजे तापीच्या पुराला काठीने अडवणे. पाऊस हुकतो तो अन्य कारणांनी, आणि चक्क्या नव्हत्या तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडलाच होता.

दुसऱ्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. साक्रीच्या एका म्हाताऱ्या आबांना मी सहज विचारले, ‘चक्क्यांनी गावाचे भले झाले का?’ बाजरीच्या ताटांवरची नजर न हलवता ते अहिराणीत म्हणाले, ‘वारा आमना, पैसा त्यासना.’ वारा आमचा, पैसा त्यांचा. चार शब्दांत सगळी कैफियत आली.

माळरान म्हणून कवडीमोलाने जमिनी गेल्या, नंतर त्यांचीच किंमत कळली. टेकड्यांवरच्या वनजमिनी कसणाऱ्या आदिवासींना विचारले गेले नाही, म्हणून साक्री-नंदुरबार भागात आंदोलने झाली. ऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला किती नाजूक विषय आहे, हे धुळे जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. जानेवारी २०१८ मध्ये शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने औष्णिक प्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायी मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वीज कोळशाची असो की वाऱ्याची, तिच्या पायात शेतकऱ्याचा जीव गाडला जाता कामा नये.

म्हणूनच वाऱ्याची वीज वाढली पाहिजे असे म्हणताना, ती कोणत्या रीतीने वाढावी हेही म्हटले पाहिजे.

पांझरेची शिकवण

त्या रीतीसाठी परदेशी जायला नको. साक्रीच्या वाटेवरच्या पांझरेने ती केव्हाच शिकवली आहे. पांझरेवरचे जुने बंधारे आणि त्यांच्यावरची फड पद्धत म्हणजे आपल्या पूर्वजांची हुशारी. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी पाटकऱ्याने ठरल्या पाळीने द्यायचे. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा पगार गावाने द्यायचा. पाणी कोणा एकाचे नव्हते, म्हणून सगळ्यांना पुरले. शेकडो वर्षे ही रीत चालली.

पाण्याला जे लागू, ते वाऱ्याला का नाही? डेन्मार्कमध्ये शेजारीपाजारी शेतकऱ्यांनी भाग घेऊन पवनचक्क्या उभारल्या. कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली २० चक्क्या उभ्या राहिल्या, त्यातल्या निम्म्या हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. आपल्याला सहकार नवा आहे का? ज्या मुलखाने फळबाग सोसायट्या काढून सावदा-रावेरहून केळीच्या वॅगनी दिल्लीला धाडल्या, त्याला एक चक्की भागीत घेणे अशक्य नाही. भांडवल मोठे लागते हे खरे, एकट्या गावाला ते झेपायचे नाही. पण कंपनीच्या प्रकल्पात गावाचा ठराविक वाटा मागणे तर झेपेल?

आता का बोलायचे

पवनचक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे. म्हणजे साक्रीकडच्या पहिल्या चक्क्या म्हाताऱ्या होत आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जुन्या चक्क्या काढून त्या जागी नव्या बसवण्याचे धोरण जाहीर केले. नवी चक्की उंच आणि मोठ्या पात्यांची, जुन्या दोन-तीन चक्क्यांचे काम एकटी करणारी. उत्तम वाऱ्याची जागा अशी दुसऱ्यांदा पेरली जाईल. त्या वेळी नवे कागद होतील. पहिल्या वेळी जे वाचायचे राहिले, ते या वेळी वाचून घ्यावे.

म्हणून ज्यांच्या शिवारात चक्की यायची आहे किंवा बदलायची आहे, त्यांनी पुढील गोष्टी मनात ठेवाव्यात.

जमीन विकण्यापेक्षा भाड्याने देण्याचा आग्रह धरा, आणि भाडे दरवर्षी किती वाढेल ते आकड्यात लिहून घ्या.

रस्ता, तारा आणि खांब कोणकोणत्या गटांतून जाणार, त्याचा नकाशा करारासोबत मागा. पिकाचे नुकसान झाले तर पंचनामा कोण करील आणि पैसे किती दिवसांत मिळतील, तेही त्यात असावे.

मुदत संपल्यावर चक्की व काँक्रीट काढून जमीन पूर्ववत कोण करणार, हे स्पष्ट असावे. घरापासून अंतर पुरेसे आहे ना, हेही पाहा, कारण आवाज आणि पात्यांची फिरती सावली रोजची असते.

सातबाऱ्यावर कोणती नोंद होणार, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः तपासा. आदिवासी बांधवांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि वनजमिनीच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. ते वापरा.

आणि शेवटचे म्हणजे करार घरातल्या सगळ्यांसमोर, बायकांसमोरही, मराठीत मोठ्याने वाचा. न समजलेल्या ओळीवर सही करू नका.

वरणगावच्या बागाईतदाराने बांधावर शेवरी जरूर लावावी, टेकू जरूर द्यावेत. साक्रीच्या शेतकऱ्याने कागद नीट वाचावेत. दोघांच्या शिवारावर वारा वाहणारच आहे. एकाने तो अडवायचा आहे आणि दुसऱ्याने तो धरायचा आहे. धरलेल्या वाऱ्याची वीज तारांतून दोघांकडे येते. तिच्या पैशातला वाटा ज्याच्या रानात वारा आहे त्यालाही मिळाला, तर टेकडीवरची नवी चक्की गावाला आपली वाटेल.